फाईलला लावलेलं पत्र

"काढ तो ब्लेझर. लवकर. पुढची उभी आहे."

स्टेजच्या मागे, पडद्याच्या आड, प्लेसमेंटचे सर मला असं म्हणाले. पुढे अजून टाळ्या चालू होत्या. पाहुण्यांच्या हातून पाकीट घेऊन मी नुकतीच पायऱ्या उतरले होते. सरांनी आधी माझ्या हातातलं पाकीट काढून घेतलं, मग कॉलरला धरून ब्लेझर ओढला. माझा एक हात बाहीत अडकला. त्यांनी बाही झटकली, ब्लेझर नाकाजवळ नेला आणि तोंड वाकडं केलं.

"घामेजून टाकलास की. अशा दिवशी अंघोळ तरी करून यायचं."

रांगेत उभ्या असलेल्या दोघी हसल्या. मी पहाटे हॉस्टेलच्या गार पाण्यानं अंघोळ केली होती. डोक्यावरून केली होती. पण ते मी बोलले नाही. अंघोळ केल्याचा पुरावा द्यावा लागणं, हीच किती घाण गोष्ट आहे.

त्या दिवशी आमच्या कॉलेजात रोजगार मेळावा होता. मी बीएस्सी केमिस्ट्रीच्या शेवटच्या वर्षाला होते. तीन ब्लेझर भाड्यानं आणले होते आणि आम्ही चाळीसेक जण होतो. आळीपाळीनं ब्लेझर घालायचा, स्टेजवर जायचं, पाकीट घ्यायचं, कॅमेऱ्याकडे बघून हसायचं आणि खाली यायचं. पाकिटंही दहा-बाराच. तीच फिरत होती. पाकिटाला डिंक लावलेला नव्हता, म्हणून पायऱ्या उतरता उतरता मी बोटानं उघडून पाहिलं. आत नियुक्तीपत्र असेल, निदान कंपनीचं नाव तरी असेल, असं वाटलं होतं. एवढी मी खुळी. आत मागच्या वर्षीची प्रश्नपत्रिका तीन घड्या घालून ठेवलेली होती. पाकीट जाड दिसावं म्हणून. ऑरगॅनिकचा पेपर. पहिला प्रश्न मला येत होता.

आणि समोर शेवटच्या रांगेत माझे वडील, आबा, बसले होते. फडातून, म्हणजे जिथं ऊसतोड चालू होती त्या रानातून, एक दिवसाचा खाडा करून थेट आले होते. हातांवर उसाच्या पाचटाचे ओरखडे तसेच. दोन्ही हातांनी मोबाईल उंच धरून ते माझा फोटो काढत होते. मध्ये पडदा होता, म्हणून बरं. स्टेजवरचं त्यांना दिसलं, मागचं दिसलं नाही.

बाहेर आल्यावर ते म्हणाले, "लागली का मग?"

मी "व्हय" म्हणाले.

तो एक शब्द मी का बोलले, हे मी स्वतःला पुष्कळदा विचारलंय. सरांनी जे केलं त्याची मला किळस आहेच. पण त्या "व्हय"ची जास्त आहे. त्या संध्याकाळी आबांनी सगळ्या कोप्यांवर पेढे वाटले. आम्ही तोडणीच्या दिवसांत पाचटाच्या झोपड्यांत राहतो, त्यांना कोप्या म्हणतात. प्रत्येक कोपीसमोर थांबून ते सांगत होते, पोरीला नोकरी लागली, स्टेजवर बोलवून दिली. मी त्यांच्या मागं मागं हिंडत होते, मूग गिळून.

आमचं गाव पाथर्डी तालुक्यात. पाऊस पडला तर बाजरी, नाही पडला तर तीही नाही. दिवाळीच्या आसपास अर्धं गाव उठतं आणि उसाच्या पट्ट्यात जातं. माणूस तोडतो, बाई मोळ्या बांधून डोक्यावर घेते आणि ट्रॉलीत भरते. दोघं मिळून एक कोयता. मुकादम विचारतो तेही तसंच, औंदा किती कोयतं? माणसं किती, असं कुणी विचारत नाही.

आईनं माझ्याबाबतीत एकच हट्ट धरला होता. माझ्या डोक्यावर मोळी येऊ द्यायची नाही. त्यापायी तिनं मला चुलतीकडे ठेवलं, मग हॉस्टेलला. दहावीला, बारावीला मी परीक्षेला निघायचे तेव्हा आई कुठल्या तरी फडात असायची. निकाल तिला फोनवर कळायचा. मला चांगले मार्क पडले की ती एकच विचारायची, "मग आता सुटलीस ना गं?" मी म्हणायचे, अजून थोडं राहिलंय.

बीएस्सी झाले. फर्स्ट क्लास. आता सुटायचं होतं.

मेळाव्याला आलेल्या कंपन्यांचं नंतर कळलं. एक विमा विकणारा, एक मोबाईलच्या दुकानाचा मालक आणि एक सरांच्या मेहुण्याचा क्लास. या तिघांच्या नावावर चाळीस जणांना पाकिटं दिली होती. निकालानंतर मी दर आठवड्याला एसटीनं कॉलेजात जायचे. प्लेसमेंट सेल अशी पाटी लावलेल्या खोलीला बहुतेक वेळा कुलूप असायचं. सर सापडले की म्हणायचे, "मेल बघत जा." कुणाचा मेल, सर? "येईल गं. घाई काय आहे? लग्न ठरलंय का?" घरी मी सांगत राहिले, अजून बोलावणं यायचंय.

अर्ज कसा लिहायचा हे तीन वर्षांत आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. पिपेट कशी धरायची हे सांगितलं, ते चांगलं सांगितलं. आमच्या मॅडम जीव तोडून शिकवायच्या. पण ते शिकून जायचं कुठं, हा प्रश्न अभ्यासक्रमात नव्हता. मी तालुक्याच्या सायबर कॅफेत गेले आणि म्हणाले, बायोडेटा करून द्या. तिथल्या माणसाकडे एकच नमुना होता. वर गणपती, खाली नाव, मग उंची, रंग, रास, नक्षत्र, मामाचं गाव. आमच्याकडे मुलीचा म्हणून जो कागद बनतो तो हाच. मी दुसरा कधी बघितलाच नव्हता. त्यात मी शिक्षण आणि टक्के घालून घेतले आणि सुप्याच्या एमआयडीसीत एका रंगाच्या कंपनीच्या गेटवर नेऊन दिला. आतून एक बाई आल्या. चांगल्या होत्या, हसू दाबत होत्या बिचाऱ्या. म्हणाल्या, "अगं, इथं नोकरी हवीय का स्थळ?" गेटवरचा वॉचमन मात्र मोकळेपणी हसला. गणपतीच्या खाली माझा पासपोर्ट साईझ फोटो, गव्हाळ वर्ण, आणि मी उन्हात उभी. मला वाटलं, जमीन फाटावी. पण लाज माझ्याच वाट्याला का? ज्यांनी मला तीन वर्षं वर्गात बसवलं आणि साधा अर्ज लिहायला शिकवलं नाही, त्यांना कधी लाज वाटली का? नाही. त्यांचा पगार एक तारखेला झालाच.

दिवाळीच्या तोंडावर आईचा मणका गेला. आधीच्या हंगामात मोळी घेऊन फळीवरून ट्रॉलीत चढताना ती पडली होती, ते दुखणं अंगावर काढलं होतं. डॉक्टर म्हणाले, आता डोक्यावर वजन नाही. म्हणजे आबांचा कोयता मोडला. एकट्या माणसाला मुकादम घेत नाही. आबा ओट्यावर बसून राहिले. मला चल म्हणायची हिंमत त्यांच्यात नव्हती, कारण पेढे वाटलेले होते. मीच म्हणाले, मी येते. आई भिंतीकडे तोंड करून झोपली होती. तिनं उशाखालून तिची चुंबळ काढली, जुन्या लुगड्याची, डोक्यावर मोळीखाली घ्यायची, आणि माझ्याकडे न बघता हात मागं केला. मी घेतली.

फड पडला तो नेमका कॉलेजच्या पट्ट्यात. कारखाना कॉलेजपासून सहा-सात किलोमीटर. पहिल्याच आठवड्यात भरलेल्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर बसून आम्ही चौकातून निघालो होतो. सिग्नलच्या खांबाला कॉलेजचा फ्लेक्स होता. यशाचे मानकरी. वरच्या रांगेत दुसरा फोटो माझा. ब्लेझर, पाकीट, हसू. खाली लिहिलेलं, नोकरीत रुजू. ट्रॅक्टर चौकात अडकला म्हणून मला तो नीट वाचता आला. आबांनीही बघितला. त्यांनी टोपी काढून डोकं खाजवलं आणि विचारलं, "ही तूच हायेस ना?" मी म्हणाले, "न्हाई." या वेळी खरं बोलले, असं मला वाटलं. ती मी नव्हतेच.

डिसेंबरात सरांचा फोन आला. त्यांनी स्वतःहून केलेला पहिला. "सध्या काय करतेस?"

"ऊस तोडते, सर."

मला वाटलं, त्यांना वाईट वाटेल.

"कुठल्या कारखान्याचा?"

मी नाव सांगितलं.

"वा!" ते म्हणाले. खरंच वा म्हणाले. "कारखान्याचं नाव छापलेला एखादा कागद मिळेल का? पाठव."

मला वाटलं, कुठं तरी शब्द टाकत असतील. मी ट्रॉलीच्या वजनाच्या पावतीचा फोटो पाठवला. त्यांनी अंगठा पाठवला. पुढं काही नाही.

जानेवारीत एक गोष्ट घडली. फडावर कारखान्याच्या शेती खात्यातले भाऊसाहेब आले होते. ऊस पिकलाय की नाही हे ते एका छोट्या दुर्बिणीसारख्या यंत्रानं बघतात. रसाचा थेंब काचेवर टाकायचा, उजेडाकडे धरायचं, आत रेघ दिसते. त्याला ब्रिक्स म्हणतात, रसातला गोडवा. मी ते यंत्र पुस्तकात वाचलं होतं. त्याची आकृती मी परीक्षेत काढली होती आणि पैकीच्या पैकी मार्क घेतले होते. हातात कधी धरलं नव्हतं. मोळी खाली टाकून मी त्यांच्याजवळ गेले.

"भाऊसाहेब, मी बघू का?"

त्यांनी वर बघितलं, हसले आणि यंत्र दिलं. मी काच पुसली, थेंब टाकला, झाकण लावलं, उजेडाकडे धरलं. "साडेएकोणीस," मी म्हणाले.

त्यांनी माझ्या हातातून घेऊन परत बघितलं. "आयला. तुला कसं काय येतंय गं हे?"

"बीएस्सी केमिस्ट्री झालंय."

"मंग हितं काय करतीस?"

ते डोक्याला हात लावून बांधावर बसले. "आमच्या लॅबला दर हंगामाला मानसं लागत्यात की. केमिस्ट्रीचीच. साहेब दर साली तुमच्या कॉलेजाला पत्र धाडत्यात. कोनी येतच न्हाई. मंग लांबलांबून पोरं आनत्यात."

त्यांचं बोलणं माझ्या कानात शिरलं, डोक्यात शिरायला वेळ लागला. डोक्यावर चुंबळ तशीच होती.

"पत्र येतं?"

"व्हय तर. दिवाळीच्या आदी. म्या सोता एकदा दिऊन आल्तो."

मला वाटलं, भाऊसाहेबांचा काही घोटाळा होत असेल. पत्र आलं असतं तर सर बोलले असते. एवढा काही माणूस वाईट नसतो. तेव्हा मला खरंच असं वाटत होतं.

फेब्रुवारीत सर स्वतः फडात आले. गाडी बांधावर लावली, पाचटावर पाय द्यावा की नको म्हणून दोनदा उचलला, मग तिथूनच हाक मारली. आबांनी कोयता खाली ठेवला आणि हात जोडले. सर आज गोड बोलत होते. विद्यापीठाची तपासणी समिती येणार होती, आठ दिवसांनी. समिती माजी विद्यार्थ्यांशी बोलते. मला बोलायचं होतं.

"एवढंच सांगायचं, साखर कारखान्यात आहे आणि कॉलेजच्या प्लेसमेंट सेलमुळे आहे. खोटं कुठं आहे यात? कारखान्यासाठीच काम करतेस ना?"

मी मोळीची गाठ आवळली.

"आणि हे बघ, कॉलेजच्या ऑफिसात एक जागा आहे. तात्पुरती. प्राचार्यांशी मी बोललोय. समिती गेली की पुढच्या सोमवारी ये."

आबा माझ्याकडे बघत होते. त्यांच्या डोळ्यात काय होतं ते मला कळत होतं. पंख्याखालची खुर्ची. पेढे खरे होणार होते. आईला सांगता येणार होतं, सुटली म्हणून. मी सरांना एवढंच विचारलं, "सर, कारखान्याच्या लॅबकडून कॉलेजला पत्र येतं का? केमिस्ट्रीच्या मुलांसाठी?"

"छे," सर म्हणाले. "असलं काही येत नाही."

मी हो म्हणाले. ऑफिसच्या खुर्चीसाठी हो म्हणाले. लपवून काय करू? मला ती हवी होती.

समितीच्या दिवशी कॉलेज ओळखू येत नव्हतं. कुंड्या आणल्या होत्या. प्लेसमेंट सेलचं कुलूप काढलं होतं, आत चार कॉम्प्युटर ठेवले होते, तारा कशालाच जोडलेल्या नव्हत्या. सरांनी मला ब्लेझर दिला. या वेळी फक्त मला एकटीला. "ड्रायक्लीन केलाय," ते म्हणाले. मी घातला. आम्हा माजी विद्यार्थ्यांना एका खोलीत बसवलं. समिती ग्रंथालयात होती, यायला वेळ होता. टेबलावर फायली मांडल्या होत्या, रंगीत चिठ्ठ्या लावून. एकीवर लिहिलं होतं, प्लेसमेंट. मी उघडली.

माझं पान सापडलं. ब्लेझरमधला फोटो, त्याखाली माझ्या ट्रॉलीच्या वजनाची पावती, आणि टाईप केलेलं, साखर उद्योग, तोडणी विभाग. विभाग! पाचटाच्या कोपीत राहायचं, दगडांच्या चुलीवर भाकरी थापायची, आडोसा शोधत हिंडायचं, त्याचा यांनी विभाग केला. माझ्या वर्गातल्या बाकीच्यांची पानंही तशीच. श्रीरामपूरला कापडाच्या दुकानात साड्यांच्या घड्या घालणारी, वस्त्रोद्योग. सोनईला सासऱ्याच्या गाळ्यात भाजी विकायला बसणारी, कृषी विपणन. एक गेल्या वर्षीच बाळंतपणात वारली होती. तिचं पानही होतं. उच्च शिक्षण.

पुढं दुसरा भाग होता, उद्योगांशी संपर्क. प्लॅस्टिकच्या पाकिटात एकेक कागद. पहिलाच कागद कारखान्याचा होता.

मी तो उभ्यानं वाचला. हंगामासाठी प्रयोगशाळेत रसायनशास्त्राचे पदवीधर हवे आहेत, पूर्वानुभवाची अट नाही, आपल्या महाविद्यालयातील इच्छुक मुला-मुलींना अर्ज घेऊन दिवाळीपूर्वी पाठवावे. मुलींच्या राहण्याची सोय होईल. खाली सही, वर कॉलेजच्या आवकचा शिक्का. शिक्क्यावरची तारीख मी बोटांवर मोजली. मी ज्या दिवशी आईची चुंबळ घेतली त्याच्या अठरा दिवस आधी ते पत्र कॉलेजात पोचलं होतं. त्या अठरा दिवसांत मी दोनदा कॉलेजात येऊन गेले होते. आणि पत्राच्या कोपऱ्यात सरांच्या हिरव्या पेनानं लिहिलं होतं, फाईलला लावणे.

फाईलला लावणे. नोटीसबोर्डला नाही. वर्गात वाचून दाखवायला नाही. मला फोन करायला तर नाहीच. मागं आणखी दोन वर्षांची तशीच पत्रं होती. तेच अक्षर, तेच पेन. त्यांना आम्हाला नोकरी नको होती. त्यांना नोकरीचा कागद पाहिजे होता. कागद मिळाला, काम झालं. दुष्टपणा असता तर मला समजला असता. यात दुष्टपणाएवढीही मेहनत नव्हती. साधा कंटाळा होता. त्या कंटाळ्यानं मला उसात उभं केलं.

समिती आत आली. तीन जण, बरोबर प्राचार्य आणि सर. एका वयस्कर मॅडमनी माझ्याकडे बघून विचारलं, "आपण सध्या कुठे काम करता?"

सरांनी मान हलवून मला खूण केली.

मी म्हणाले, "मी ऊस तोडते, मॅडम. मोळ्या वाहते."

प्राचार्य हसले. "म्हणजे साखर उद्योगात आहे. ग्रामीण मुली, जरा मोकळ्या बोलतात."

"मोळ्या वाहते," मी परत म्हणाले. आणि ते पत्र वाचायला लागले. मोठ्यानं, वरच्या तारखेपासून खालच्या सहीपर्यंत. मध्ये सर म्हणाले, "बस झालं." मी थांबले नाही. हिरव्या पेनाचे शब्दही वाचले. यांनीच शिकवलं होतं वाचायला.

मॅडमनी चष्मा काढला. "मग कॉलेजनं काय करायला हवं होतं, असं तुम्हाला वाटतं?"

मला कुणी हे विचारेल असं कधी वाटलं नव्हतं. जे तोंडाला आलं ते बोलले. हे पत्र बोर्डाला लावायला हवं होतं. चार टाचण्या लागतात. अर्ज कसा लिहितात ते दुसऱ्या वर्षाला दाखवायला हवं होतं, म्हणजे मी गणपती आणि रास घेऊन कंपनीच्या गेटवर गेले नसते. कारखाना सहा किलोमीटरवर आहे, तीन वर्षांत एकदा तरी आम्हाला त्या लॅबमध्ये न्यायला हवं होतं. सुट्टीत महिनाभर तिथं, दूध डेअरीत, माती तपासायच्या लॅबमध्ये हाताखाली काम करू द्यायला हवं होतं. मुलाखती भर हंगामात ठेवता, तेव्हा आमच्याकडची निम्मी मुलं आई-बापाच्या मदतीला फडात असतात. पास झाल्यावर फोन करायला हवा होता, पावती मागायला नाही, जागा निघाली म्हणून सांगायला. विद्यापीठ आमची परीक्षा घेतं, फी घेतं, पदवीवर सही करतं. ती सही घेऊन आम्ही कुठं जातो हे पण त्यानं खरं खरं विचारायला हवं होतं, कॉलेजला नाही, आम्हाला.

मग मी ब्लेझर काढला. सावकाश, दोन्ही बाह्या नीट सोडवून. टेबलावर सरांच्या पुढ्यात ठेवला.

"घामेजलाय, सर," मी म्हणाले. "अंघोळ करून आले होते."

व्हरांड्यात सरांनी मला गाठलं. आता गोड नव्हते. "तुझं तर गेलंच. मागून येणाऱ्यांचंही वाटोळं केलंस. कॉलेजचं नाव गेल्यावर तुमच्या डिग्रीला कुत्रं तरी विचारील का?"

दोन दिवस ते माझ्या डोक्यात रुतून बसलं होतं. खरंच माझ्यामुळे कुणाचं वाईट झालं तर? तिसऱ्या दिवशी मोळी बांधताना लक्षात आलं, आत्ता तरी कोण विचारत होतं?

आबांना मी फडात सांगितलं, सगळं, मेळाव्यापासून. ते कोयत्याला दगडावर धार लावत होते. धार लावणं थांबवलं नाही.

"जागा गेली म्हनायची."

"व्हय."

त्यांनी कोयत्याची बाजू पालटली. मग म्हणाले, "पेढं वाटलं हुतं म्या. तवाच सांगायचं हुतं गं." मला त्यांनी शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

आईला फोनवर सांगितलं. तिनं सगळं ऐकलं आणि विचारलं, "मुलींच्या ऱ्हान्याची सोय हुती म्हंतीस, त्या पत्रात?"

"हुती."

फोन तिनं ठेवला की कट झाला, कळलं नाही.

समितीनं काय लिहिलं मला माहीत नाही. कॉलेजला चांगला शेरा मिळाला एवढं कळलं, कारण चौकात नवा फ्लेक्स लागला. माझा फोटो काढला होता. माझ्या जागी दुसरी मुलगी आहे. ब्लेझर तोच आहे. सर अजून प्लेसमेंटचे सरच आहेत. मला कुणी शाबासकी दिली नाही आणि मला ती नकोय.

मार्चअखेर, पट्टा पडायच्या, म्हणजे कारखाना बंद व्हायच्या आधी, मी कारखान्याच्या लॅबमध्ये गेले. भाऊसाहेब बरोबर आले. साहेबांनी नोकरी दिली नाही. हंगाम संपत आला होता, देणार कुठून? पण मी मागितलं ते त्यांनी मान्य केलं. या वर्षीपासून पत्राची एक प्रत माझ्या पत्त्यावर येणार. रंगाच्या कंपनीतही परत गेले, त्याच गेटवर. त्या बाईंकडेही तेच मागितलं, जागा निघाली की मला कळवायचं. यावेळी त्या हसल्या नाहीत. अर्जाचा बरोबर नमुना त्यांच्याकडूनच लिहून आणला.

आता उन्हाळा चाललाय. मी गावात आहे. वर्गातल्या एकेकीला, एकेकाला फोन लावते आणि खरं काय करता ते विचारते. फाईलीतलं नाही, खरं. ते एका वहीत लिहिते. ती वही विद्यापीठात नेऊन देणार आहे, हातात, पोच घेऊन. त्यांनी ती कुठल्या फाईलला लावली, हेही विचारायला परत जाणार आहे. एकदा नाही. दर महिन्याला.

आणि दिवाळीच्या आधी कारखान्याचं पत्र येईल. एक कॉलेजला जाईल, एक माझ्याकडे. हिरवं पेन उघडायच्या आत मी कॉलेजच्या गेटवर उभी असेन. नमुन्याचा अर्ज घेऊन, शंभर प्रती काढून. प्रत्येक आत जाणाऱ्या पोराला आणि पोरीला थांबवून ते पत्र वाचून दाखवणार आहे, तारखेपासून सहीपर्यंत. वॉचमन हाकलील. मी रस्त्याच्या पलीकडे उभी राहून वाचीन. मला ती नोकरी मिळाली तर मी करीन. नाही मिळाली तर परत मोळ्या वाहीन, आणि हंगामातून खाडा करून परत गेटवर येईन. पण एकाही पोरीच्या बापाला इथून पुढं खोटे पेढे वाटू देणार नाही.